निळ्या प्रकाशाचे आयुष्य
(पुण्यातील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



मोबाइल फोन, दूरचित्रवाणी संच आणि अलीकडे मोटारींचे फलक यांत सेंद्रिय रेणूंपासून प्रकाश देणारे पडदे, म्हणजेच ओएलईडी, आता चांगलेच रुळले आहेत. अशा पडद्यावरचे चित्र लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाच्या मिश्रणातून उभे राहते. यांपैकी लाल आणि हिरव्याचा प्रश्न सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी तत्त्वतः सुटला. निळ्याचा अजून पुरता सुटलेला नाही. जो निळा पदार्थ दीर्घकाळ टिकतो तो वीज वाया घालवतो आणि जो वीज वाचवतो तो लवकर मावळतो. या पेचाचे कारण काय आणि त्यातून सुटण्याची वाट कोणत्या दिशेला आहे, हा आजचा विषय. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, कार्यक्षमता आणि आयुष्य हे निळ्या पदार्थांचे दोन स्वतंत्र प्रश्न नाहीत. दोन्हींच्या मुळाशी एकच राशी आहे, ती म्हणजे रेणूला आपली ऊर्जा किती वेळ सांभाळावी लागते. हे मान्य केले की पुढची गोष्ट ओघानेच येते. ज्या संशोधनात केवळ कार्यक्षमता मोजली जाते आणि आयुष्य मोजले जात नाही, त्याने प्रश्नाच्या अर्ध्याच भागाला हात घातलेला असतो. पुण्यातून हे आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण रंग आणि त्याचा टिकाऊपणा यांचा एकत्र विचार करणारी रसायनशास्त्राची एक मोठी परंपरा या शहरात नांदली आहे.

आधी या दिव्याची रचना पाहू. काचेवर किंवा लवचिक प्लास्टिकवर एक पारदर्शक विद्युतअग्र, त्यावर निर्वातात चढवलेले सेंद्रिय पदार्थांचे पातळ थर आणि सर्वांत वर धातूचे विद्युतअग्र. सगळ्या सेंद्रिय थरांची मिळून जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास भरते. एका बाजूने इलेक्ट्रॉन येतात, दुसऱ्या बाजूने धनभार येतो, मधल्या थरात एखाद्या रेणूवर ते भेटतात आणि तो रेणू उत्तेजित होतो. ही ऊर्जा त्याने प्रकाशाच्या रूपात सोडली की आपले काम झाले. सेंद्रिय स्फटिकातून विजेने प्रकाश मिळवता येतो हे न्यूयॉर्क विद्यापीठात मार्टिन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये अँथ्रासिनवर दाखवले, पण त्यासाठी शेकडो व्होल्ट लागत होते. १९८७ मध्ये ईस्टमन कोडॅक कंपनीतील चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅनस्लाइक यांनी दोन पातळ थरांची जोडणी करून दहा व्होल्टच्या आत हिरवा प्रकाश मिळवला आणि आजच्या ओएलईडीचा पाया घातला. त्यांच्या दिव्याची कार्यक्षमता एका टक्क्याच्या घरात होती. ती इतकी कमी का, याचे एक कारण पुंजभौतिकीत आहे. सिंगलेट आणि ट्रिपलेट या उत्तेजित रेणूच्या, इलेक्ट्रॉनांच्या फिरकीवरून ठरणाऱ्या दोन अवस्था. विजेने उत्तेजित केलेल्या रेणूंपैकी सरासरी २५ टक्के सिंगलेट अवस्थेत जातात आणि ७५ टक्के ट्रिपलेट अवस्थेत. साध्या फ्लुओरेसंट रेणूत फक्त सिंगलेट प्रकाश देते. ट्रिपलेटची ऊर्जा उष्णता होऊन जाते. त्यात भर म्हणजे तयार झालेल्या प्रकाशापैकी साध्या रचनेत सुमारे पाचवा भागच थरांतून बाहेर पडतो, उरलेला आतल्या आत परावर्तित होऊन अडकतो. म्हणून फ्लुओरेसंट दिव्याची मर्यादा बराच काळ पाच टक्क्यांच्या आसपास मानली जात होती. १९९८ मध्ये मार्क बाल्डो, स्टीफन फॉरेस्ट आणि मार्क थॉम्पसन यांनी प्लॅटिनमयुक्त रेणू वापरून ट्रिपलेटलाही प्रकाश द्यायला लावले. पुढच्याच वर्षी इरिडियमचा हिरवा रेणू आला. जड धातूच्या अणूमुळे ट्रिपलेटवरचा निर्बंध सैल होतो आणि तत्त्वतः शंभर टक्के उत्तेजित रेणू प्रकाश देऊ शकतात. लाल आणि हिरव्या रंगांत ही फॉस्फोरेसंट पद्धत पडद्यांच्या उद्योगाने उचलली. निळ्यासाठी मात्र जगभरच्या फोनमध्ये कमी कार्यक्षम असलेला फ्लुओरेसंट रेणूच चालू राहिला.

निळ्याची अडचण समजण्यासाठी तीन आकडे पुरेत. ६२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लाल प्रकाशकणाची ऊर्जा २ इलेक्ट्रॉनव्होल्ट, ५३० नॅनोमीटरच्या हिरव्याची सुमारे २.३ आणि ४६० नॅनोमीटरच्या निळ्याची सुमारे २.७. सेंद्रिय रेणूंतील कार्बन आणि नायट्रोजन यांच्यातले नेहमीचे बंध तोडायला साधारण तीन ते साडेतीन इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात आणि रेणूवर ऋणभार असताना काही बंध याहूनही दुबळे होतात. म्हणजे निळा रेणू स्वतःच्या बंधांच्या मर्यादेजवळ काम करत असतो. शिवाय त्याला ज्या आधारद्रव्यात विखरून ठेवतात त्या द्रव्याची ट्रिपलेट पातळी त्याहूनही वर असावी लागते, नाही तर ऊर्जा उलटी आधारद्रव्याकडे निघून जाते. त्यामुळे कमजोर बंधांचे ओझे एका रेणूवरून दोन रेणूंवर येते. भरीला मानवी डोळा. ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याला डोळ्याची संवेदनशीलता एक धरली, तर ४६० नॅनोमीटरला ती ०.०६ इतकीच उरते. पांढऱ्या प्रकाशाच्या एकूण दीप्तीत निळ्याचा वाटा लहान असला तरी तो भागवण्यासाठी लागणारे प्रकाशकण कमी नसतात. अनेक पडद्यांत निळ्या ठिपक्याचे क्षेत्रफळ इतरांपेक्षा मोठे ठेवतात ते याचसाठी. मोठ्या क्षेत्रावर प्रवाह विरळ होतो आणि पदार्थाची झीज मंदावते.

यावरून असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो की निळ्याची ऊर्जा जास्त, म्हणून तो मरतो, आणि त्यावर उपाय नाही. पण हाती असलेला पुरावा असे म्हणत नाही. तीन प्रकारचे दिवे शेजारी ठेवून पाहा. लाल किंवा हिरवा फॉस्फोरेसंट रेणू आपली ऊर्जा मायक्रोसेकंदांच्या मापाने, म्हणजे रेणूंच्या विश्वात पुष्कळ वेळ, धरून ठेवतो, पण ती ऊर्जा थोडी असते; तो टिकतो. निळा फ्लुओरेसंट रेणू जास्त ऊर्जा धरतो, पण काही नॅनोसेकंदांत ती सोडून मोकळा होतो, तोही टिकतो. निळ्या फॉस्फोरेसंट रेणूत मात्र ऊर्जाही जास्त आणि ती धरण्याचा काळही हजारपटींच्या घरात. तोच लवकर मावळतो. फ्लुओरेसंट दिव्यातल्या ७५ टक्के ट्रिपलेटचे काय, असा प्रश्न इथे कोणी विचारील, आणि तो योग्य आहे. त्या दिव्यांत आधारद्रव्य बहुधा अँथ्रासिन वर्गातले असते आणि अँथ्रासिनचे ट्रिपलेट सुमारे १.८ इलेक्ट्रॉनव्होल्टवर बसते. ते दीर्घकाळ रेंगाळते खरे, पण त्याच्या हातात बंध तोडण्याइतके बळ नसते. उलट अशी दोन ट्रिपलेट एकमेकांना भेटली की त्यांच्या बेरजेतून एक नवे सिंगलेट तयार होते आणि थोडा जास्तीचा प्रकाश मिळतो. त्यामुळे २५ टक्क्यांची मर्यादा सिद्धान्ततः ६२.५ टक्क्यांपर्यंत सरकते. तेव्हा दोष एकट्या ऊर्जेचा नाही आणि एकट्या काळाचाही नाही. जास्त ऊर्जा दीर्घकाळ धरून ठेवणे, हा संयोग घातक आहे. ऊर्जा कमी करता येत नाही, कारण मग प्रकाश निळा राहणार नाही. आपल्या हातात उरतो तो काळ.

हा काळ नेमका कसा मारतो याचे उत्तर २००८ मध्ये ख्रिस गीबिंक, फॉरेस्ट आणि सहकाऱ्यांनी फॉस्फोरेसंट दिव्यांच्या ऱ्हासाचे गणित मांडून दिले. एकटा उत्तेजित रेणू सहसा तुटत नाही. तो दुसऱ्या उत्तेजित रेणूला किंवा विद्युतभार वाहणाऱ्या रेणूला भेटतो तेव्हा एकाची ऊर्जा दुसऱ्यावर चढते. २.७ मध्ये २.७ मिळाले की पाच इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर जाते आणि मग जवळपास कुठलाही सेंद्रिय बंध सुरक्षित राहत नाही. तुटलेल्या रेणूचे तुकडे पुढे भार अडकवतात, शेजाऱ्यांची ऊर्जा गिळतात आणि दिवा मंद होत जातो. आता साधा हिशेब करू. दर सेकंदाला ठरावीक संख्येने रेणू उत्तेजित होत असतील, तर एका वेळी उत्तेजित असलेल्या रेणूंची संख्या त्यांच्या उत्तेजित राहण्याच्या काळाच्या प्रमाणात असते. काळ निम्मा केला की संख्या निम्मी होते. पण दोन उत्तेजित रेणूंची टक्कर संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात होते. ती पाव होते. याच टकरींमुळे तेजस्वी प्रकाशात दिव्याची कार्यक्षमताही घसरते, कारण टक्कर झाली की एक प्रकाशकण वाया गेला. म्हणजे जी घटना आयुष्य कमी करते तीच कार्यक्षमता कमी करते. उलट कार्यक्षमता वाढली की तेवढ्याच प्रकाशासाठी कमी प्रवाह पुरतो, आणि प्रत्यक्ष मोजमापांत आयुष्य दीप्तीच्या दीड ते दोन इतक्या घाताच्या व्यस्त प्रमाणात आढळते. दीप्ती निम्मी केली तर आयुष्य तिप्पट-चौपट. दोन प्रश्न एकच आहेत असे मी म्हणतो ते या अर्थाने.

गेल्या पंधरा वर्षांत जे उपाय यशस्वी झाले त्यांच्याकडे या दृष्टीने पाहिले की त्यांच्यातले सूत्र उघड होते. २०१४ मध्ये मिशिगन विद्यापीठात फॉरेस्ट यांच्या गटाने प्रकाश देणाऱ्या रेणूचे प्रमाण थरात एका बाजूकडून दुसरीकडे क्रमाक्रमाने बदलले. उत्तेजना एका अरुंद पट्ट्यात न साठता सगळ्या थरात पसरली, गर्दी कमी झाली आणि निळ्या फॉस्फोरेसंट दिव्याचे आयुष्य दहापट झाले. २०१७ मध्ये त्यांनीच अतिउत्तेजित ऊर्जा झेलून निरुपद्रवी करणारे तिसरे रेणू थरात मिसळले. २०१२ मध्ये क्युशू विद्यापीठातील चिहाया अदाची यांच्या गटाने जड धातूविना ट्रिपलेटचे रूपांतर पुन्हा सिंगलेटमध्ये करणारे रेणू दिले. निळ्या रंगात त्यांची अडचण हीच की ते रूपांतर सावकाश होते आणि तोवर ट्रिपलेट साचत राहतात. म्हणून पुढे त्याच गटाने अशा रेणूकडून ऊर्जा घेऊन ती झटपट प्रकाशात सोडणारा फ्लुओरेसंट रेणू जोडीला दिला. ताकुजी हाताकेयामा यांनी बोरॉन आणि नायट्रोजन यांची रेणूतच आलटून-पालटून मांडणी करून अत्यंत शुद्ध निळा प्रकाश मिळवला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या न्यू-डाबना या रेणूने ४६९ नॅनोमीटरवर ३४.४ टक्के बाह्य क्वांटम कार्यक्षमता, म्हणजे आत गेलेल्या दर शंभर इलेक्ट्रॉनांमागे बाहेर पडणाऱ्या प्रकाशकणांचे प्रमाण, दाखवली. जुन्या पाच टक्क्यांच्या तुलनेत ही झेप विलक्षण आहे. आणखी एक वाट भौतिकशास्त्राची. उत्तेजित रेणू धातूच्या पृष्ठभागाजवळ नेमक्या अंतरावर असला, तर तो आपली ऊर्जा एरवीपेक्षा लवकर सोडतो. या परिणामाचा वापर करून रेणू न बदलता केवळ त्याच्या परिसराच्या रचनेने आयुष्य वाढवता येते, हे २०२० नंतरच्या प्रयोगांनी दाखवले. उद्योगाने दोन दिवे एकावर एक रचून प्रत्येकावरचा भार कमी केला. २०२५ मध्ये एलजी डिस्प्लेने जाहीर केलेल्या पडद्यातही निळ्याचा खालचा थर फ्लुओरेसंट आणि वरचा फॉस्फोरेसंट आहे. स्थैर्य पूर्वीच्या पडद्यांइतकेच राखून वीज सुमारे १५ टक्के कमी लागते असे कंपनीने सांगितले. ही कामे वेगवेगळ्या देशांतली, वेगवेगळ्या शास्त्रांतली. पण बहुतेकांत कृती एकच आहे: उत्तेजित रेणूंची गर्दी विरळ करणे किंवा त्यांना लवकर मोकळे करणे.

आता पुण्याकडे वळतो. पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ३ जानेवारी १९५० रोजी सुरू झाली. तिचे पहिले भारतीय संचालक कृष्णस्वामी वेंकटरामन हे रंगद्रव्यांच्या रसायनशास्त्रातले जगन्मान्य नाव. मुंबईच्या माटुंग्यातील रासायनिक तंत्रशास्त्र विभागाची धुरा सांभाळून ते १९५७ मध्ये इथे आले. कृत्रिम रंगांच्या रसायनावरील त्यांचा आठ खंडांचा इंग्रजी ग्रंथ १९५२ पासून निघू लागला आणि त्या क्षेत्राचा आधारग्रंथ ठरला. १९६६ मध्ये त्यांच्या जागी आलेले बाळ दत्तात्रेय टिळक हेही रंगरसायनातलेच, माटुंग्याच्याच परंपरेतले. ओएलईडीचे रेणू आणि कापडावरचे रंग यांचा संबंध केवळ दुरून जोडलेला नाही. रसायनाच्या दृष्टीने ती एकाच घराण्यातली द्रव्ये आहेत. पांढरे कपडे उजळ दिसावेत म्हणून घरोघरी वापरले जाणारे टिनोपाल अतिनील प्रकाश शोषून निळा प्रकाश देते. त्याच्या एका प्रकारात डायस्टायरिल बायफिनाइल हा सांगाडा असतो. १९९० च्या दशकात जपानच्या इदेमित्सु कोसान कंपनीने निळ्या ओएलईडीसाठी जे रेणू पुढे आणले तेही डायस्टायरिल अरिलीन वर्गातले, याच सांगाड्याचे भाऊबंद. उन्हात वाळवलेल्या कपड्यावरची ती चमक काही काळाने का जाते, हा प्रश्न आणि निळा ठिपका का मंदावतो, हा प्रश्न रसायनशास्त्राच्या एकाच प्रकरणात बसतात.

रंगरसायनाने या प्रश्नाला जी शिस्त लावली ती आज आठवण्यासारखी आहे. रंगाचा कारखानदार नुसती छटा दाखवून रंग विकू शकत नाही. धुण्यात, घामात आणि उन्हात तो किती टिकतो याचे क्रमांक त्याला सोबत द्यावे लागतात. प्रकाशातील टिकाऊपणा मोजण्यासाठी निळ्या रंगांनी रंगवलेल्या लोकरीच्या आठ पट्ट्यांचे प्रमाण जगभर वापरले जाते. प्रत्येक पुढची पट्टी आधीच्या पट्टीपेक्षा साधारण दुप्पट वेळ टिकते. या शिस्तीतून रंगरसायनज्ञांनी टिकण्याचे रहस्यही शोधले. इंडिगो, म्हणजे आपली नीळ, शतकानुशतके टिकते, कारण प्रकाश शोषल्यावर तिच्या रेणूत प्रोटॉन जागा बदलतो आणि ऊर्जा पिकोसेकंदांच्या मापाच्या वेळात उष्णता होऊन जाते. रेणूला तुटायला अवसरच मिळत नाही. ओएलईडीच्या रेणूला ही सवलत नाही; त्याने ऊर्जा प्रकाश म्हणूनच द्यायची आहे. पण धडा तोच आहे. ऊर्जा जितकी लवकर सुटेल तितका रेणू सुरक्षित. निळीने तो उष्णतेच्या वाटेने गिरवला, आपल्याला प्रकाशाच्या वाटेने गिरवायचा आहे.

याच्याशी तुलना करता ओएलईडीवरील विद्यापीठीय संशोधनात एक उणीव जाणवते. नव्या निळ्या रेणूचा शोधनिबंध निघतो तेव्हा त्यात कमाल कार्यक्षमता ठळकपणे दिलेली असते, आणि ही कमाल बहुधा अत्यंत मंद प्रकाशात गाठलेली असते. पडद्याला लागते तेवढ्या दीप्तीवर कार्यक्षमता किती उरते हे मागे पडते, आणि दीप्ती ९५ टक्क्यांवर यायला किती तास लागले, हा उद्योगाला हवा असलेला आकडा अनेकदा नसतोच. कारणे समजण्यासारखी आहेत. आयुष्य मोजायला महिने लागतात, उपकरणे गुंतून पडतात, हवाबंद आवरण निर्दोष लागते, आणि इतके करून हाती येणारा आकडा बहुधा लहान असतो. पण मोजले नाही म्हणून प्रश्न जात नाही. आकाशी निळा फर्पिक हा इरिडियमचा रेणू २००१ पासून शेकडो निबंधांत वापरला गेला. त्याला अधिक निळा करण्यासाठी जोडलेले फ्लुओरिनचे अणू आणि त्याचा पिकोलिनेट हा भागच दिवा चालताना सुटतात, हे ऱ्हासाचे रासायनिक विश्लेषण झाल्यावर स्पष्ट झाले. ज्या गुणासाठी रेणू निवडला त्याच गुणाने तो दुबळा केला होता. आयुष्याची तपासणी सुरुवातीपासून झाली असती, तर इतके श्रम दुसऱ्या रचनांकडे वळले असते.

या म्हणण्यावर काही आक्षेप येतील आणि त्यांतले वजनदार आक्षेप टाळून चालणार नाही. पहिला आक्षेप असा की, लोक फोन तीन-चार वर्षांत बदलतात. मग आयुष्याचा एवढा आग्रह कशाला? पण फोन लवकर बदलतो यात पडद्याचाही हात असतो. एकाच जागी सतत दिसणाऱ्या चिन्हांचे डाग पडद्यावर उमटतात ते असमान झिजेमुळे, आणि त्यात निळ्याचा भाग मोठा. मोटारीचा फलक पंधरा वर्षे, उन्हात तापलेल्या काचेआड चालावा लागतो. रुग्णालयातील पडद्यावर रंग बदलला तर निदानात घोळ होऊ शकतो. आणि जो पडदा दुप्पट टिकतो तो निम्माच कचरा करतो. दुसरा आक्षेप गणनशास्त्राकडून येतो. संगणकाने रेणू शोधता येत असतील, तर वर्षानुवर्षे दिवे जाळत बसायचे कशाला? २०१६ मध्ये हार्वर्डच्या अॅलन अस्पुरु-गुझिक यांच्या गटाने सोळा लाख रेणूंची छाननी करून बावीस टक्क्यांपर्यंत कार्यक्षमता देणारे रेणू शोधले, हे खरेच. पण ती छाननी कार्यक्षमतेची होती. यंत्राला शिकवायला विश्वसनीय माहिती लागते, आणि आयुष्याची तशी माहिती, सारख्या परिस्थितीत मोजलेली, फार थोडी आहे. हा आक्षेप माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, त्याला बळ देतो. संगणकाचा उपयोग व्हावा असे वाटत असेल, तर मोजणी आधी व्हायला हवी. तिसरा आक्षेप काहीसा सैद्धान्तिक आहे. काळ कितीही कमी केला तरी दुबळा बंध तुटणारच, तेव्हा बंध मजबूत करण्यावरच भर द्यावा. यात तथ्य आहे. ऱ्हासाचा वेग म्हणजे घातक टकरींची संख्या गुणिले प्रत्येक टकरीत बंध तुटण्याची शक्यता. काळ कमी केल्याने पहिली संख्या घटते, मजबूत बंधांनी दुसरी. दोन्ही हवीत. पण कोणता बंध तुटतो हे कळण्यासाठीही जळालेला दिवा उघडून त्यातील तुकडे ओळखावे लागतात, म्हणजे पुन्हा आयुष्याच्याच अभ्यासाकडे यावे लागते.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळा आहे. भारतात ओएलईडीचे फलक बनवणारा कारखाना नाही. रांजणगावात दूरचित्रवाणी संच तयार होतात, पण ओएलईडीचा फलक परदेशातून येतो. डिसेंबर २०२१ मध्ये जाहीर झालेल्या ७६ हजार कोटी रुपयांच्या सेमीकंडक्टर योजनेत पडद्यांच्या कारखान्यांनाही साहाय्याची तरतूद आहे, तरी असा कारखाना उभा करणे अवाढव्य भांडवलाचे काम आहे. मग पुण्याने निळ्या रेणूंच्या मागे का लागावे? माझे उत्तर असे की फलकाचा कारखाना आणि फलकात जाणारे द्रव्य हे दोन वेगळे व्यवसाय आहेत. दुसऱ्याला भांडवलापेक्षा रसायनाचे ज्ञान आणि शुद्धतेची शिस्त जास्त लागते. कुरकुंभ, रोहे, लोटे परशुराम, तारापूर या औद्योगिक वसाहतींत औषधांची मध्यद्रव्ये आणि सूक्ष्म रसायने बनवणारे कारखाने आहेत. ओएलईडीच्या रेणूंची जोडणी करण्यासाठी पॅलॅडियमच्या ज्या अभिक्रिया लागतात, त्या औषधउद्योगाच्या परिचयाच्या आहेत. मात्र या अभिक्रियांतून मागे राहणारे क्लोरीन किंवा ब्रोमीनयुक्त अंश दशलक्षांत काही भाग इतके उरले तरी दिव्याचे आयुष्य खालावते. औषधाला पुरणारी शुद्धता इथे पुरत नाही. निर्वातात पुन्हा पुन्हा संप्लवन करून द्रव्य निवळावे लागते. आणि ही जास्तीची शुद्धता खरोखर साधली की नाही, हे दिव्याचे आयुष्य मोजल्यावाचून कळत नाही. म्हणजे आयुष्याची मोजणी ही या व्यवसायात उतरण्याची पहिली पायरी आहे.

महाराष्ट्राकडे आणखी एक द्रव्य आहे. रेणूतील हायड्रोजनच्या जागी त्याचा जड समस्थानिक ड्यूटेरियम बसवला की तो बंध मंद कंप पावतो आणि तुटायला थोडी जास्त ऊर्जा मागतो. एलजी डिस्प्लेने डिसेंबर २०२१ मध्ये जाहीर केलेल्या पडद्यांत हाच उपाय वापरला आहे. ड्यूटेरियमचा स्रोत म्हणजे जड पाणी, आणि भारत जड पाण्याच्या मोठ्या उत्पादकांपैकी एक आहे. रायगड जिल्ह्यात थळ येथे खतकारखान्याला जोडून जड पाण्याचा प्रकल्प चालतो. अणुभट्ट्यांसाठी उभारलेली ही क्षमता प्रकाशाच्या रसायनाला उपयोगी पडू शकते, अट एवढीच की कोणत्या जागचा हायड्रोजन बदलल्याने आयुष्य किती वाढते हे रेणूगणिक मोजले जावे. सगळेच हायड्रोजन बदलणे खर्चाचे आहे; योग्य ते निवडणे हे ऱ्हासाच्या अभ्यासाचे काम आहे. माणसांचीही तयारी आहे. नागपूर विद्यापीठात एस. जे. ढोबळे आणि एन. थेजो कल्याणी यांनी डायफिनाइल क्विनोलिन वर्गातील निळ्या रेणूंवर काम केले आहे, आणि हेंड्रिक स्वार्ट यांच्यासह त्यांनी लिहिलेला ओएलईडीवरील ग्रंथ २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्यातच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर आणि इलेक्ट्रॉनिक द्रव्यांवर काम करणारी सी-मेट या संस्था एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर आहेत.

म्हणून माझी सूचना नेमकी आहे. पुण्यात निळ्या पदार्थांच्या आयुष्यमापनाची एक सामाईक प्रयोगशाळा असावी. राज्यातील कुठल्याही विद्यापीठाने रेणू पाठवावा, तो एकाच रचनेच्या दिव्यात, एकाच आवरणात, पडद्याला साजेशा दीप्तीवर, ठरलेल्या तापमानात हजारो तास जाळला जावा, आणि मंदावलेला दिवा उघडून त्यातील तुकडे ओळखले जावेत. अपयशी रेणूंची नोंदही यशस्वी रेणूंइतक्याच काळजीने जाहीर व्हावी, कारण पुढच्या संशोधकाला आणि संगणकालाही त्यांतूनच जास्त शिकायला मिळते. निळ्या रेणूवरील प्रबंधात उत्तेजित अवस्थेचा काळ, कामाच्या दीप्तीवरील कार्यक्षमता आणि ९५ टक्क्यांपर्यंतचे आयुष्य, हे तीन आकडे एकत्र दिल्याशिवाय तो पूर्ण मानू नये. हे काम चमकदार नाही. त्यात महिनोन्‌महिने एकच वक्ररेषा हळूहळू खाली येताना पाहायची असते. अनुदान देणाऱ्यांनी आणि पदोन्नती ठरवणाऱ्यांनी या कामाची किंमत ओळखली तरच तरुण संशोधक त्यात उतरतील, आणि ती जबाबदारी त्या तरुणांवर ढकलता येणार नाही.

निळ्या प्रकाशाचा प्रश्न अजून खुला आहे ही आपल्यासाठी संधी आहे. लाल आणि हिरव्याची बाजी आपण पाहिली, खेळलो नाही. निळ्यात अजून जागा आहे, आणि ती जागा नेमकी तिथे आहे जिथे चिकाटी, शुद्धता आणि प्रामाणिक मोजणी यांचे मोल सर्वांत जास्त. रंग किती सुंदर आहे हे विचारताना तो किती टिकेल हेही विचारायचे, ही शिस्त वेंकटरामन आणि टिळक यांच्या पिढीने अंगी बाणवली होती. ती आजच्या प्रयोगशाळांत पुन्हा आणली, तर पुढच्या दशकातील निळ्या पदार्थांत पुण्याचा वाटा असेल, अशी माझी खात्री आहे.